मूड, मर्जी आणि कामातलं समाधान

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या पाचव्या अधिकरणात राजाच्या पदरी नोकरी करणाऱ्याने कसं वागावं, हे सविस्तर सांगितलं आहे. धन्याच्या अगदी अंगाशी बसू नये, फार लांबही बसू नये. मोठ्याने हसू नये. मर्जी आहे की नाही, हे ओळखण्याच्या खुणाही दिल्या आहेत. राजा प्रसन्न असेल तर पाहताच त्याचा चेहरा खुलतो, तो बोलणं ऐकून घेतो, आसन देतो, माघारी स्तुती करतो, जेवताना आठवण काढतो. नाराजीच्या खुणा याच्या उलट. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली आणि मुंबई विद्यापीठाने १९६० च्या दशकात प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती चाळताना हा भाग कुठल्याही मंत्रालयात किंवा हिंजवडीच्या कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाती द्यावा, असं वाटत राहतं.

चेहरे वाचणं आणि मर्जी सांभाळणं या दोन गोष्टींवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत व्यवस्थापनशास्त्राने ढीगभर संशोधन केलं आहे. पहिलीला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हणतात, दुसरीला ‘राजकीय कौशल्य’. या दोन गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो नोकरीत सुखी असतो का, हा या संशोधनातला एक कळीचा प्रश्न. त्यावर कार्यशाळा चालतात, प्रमाणपत्रं मिळतात, ‘एचआर’वाल्यांची वार्षिक अंदाजपत्रकं ठरतात. एकूण पुराव्याचा हिशेब मांडला, तर उत्तर असं येतं : ही कौशल्यं असतात, ती उपयोगीही पडतात, पण नोकरदाराच्या समाधानाचा मोठा वाटा त्याच्या स्वभावापेक्षा ऑफिसातले निर्णय कसे होतात यावर ठरतो. हे उत्तर कसं येतं, ते क्रमाने पाहू.

समाधान कशाने मिळतं?

‘तुम्हाला तुमचं काम आवडतं का?’ हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांमध्ये रॉबर्ट हॉपॉक यांचं नाव येतं. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप या गावातल्या नोकरदारांना त्यांनी तो विचारला आणि १९३५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात दिव्यांच्या उजेडापासून सुट्टीच्या वेळांपर्यंत अनेक प्रयोग झाले होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. तरी कामगार फक्त पगारासाठी काम करत नाही, त्याला माणसं आणि वागणूकही लागते, हा विचार तिथूनच रूढ झाला. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून दोन याद्या केल्या. एका यादीत पगार, वरिष्ठ, नियम. हे बिघडलं की माणूस वैतागतो. दुसरीत कामाची गोडी, कौतुक, जबाबदारी; हे असलं की माणूस रमतो. १९७६ साली एडविन लॉक यांनी व्याख्या केली, ती आजही चालते : आपल्या कामाचा लेखाजोखा घेतल्यावर मनाला जे बरं वाटतं, ते कार्यसमाधान.

पुढे शेकडो अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. तिथे ‘सहसंबंधांक’ हे माप वापरतात. तो ० असेल तर दोन गोष्टींत काही नातं नाही, १ असेल तर त्या पूर्णपणे हातात हात घालून चालतात. या मापाने पगार आणि समाधान यांचं नातं निघालं सुमारे ०.१५. पगारवाढीच्या महिन्यात घराघरात जे वातावरण असतं, त्यावरून कुणी हा आकडा ओळखला नसता. समाधान आणि कामगिरी यांचं नातं २००१ साली टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुन्यांवरून काढलं, ते ०.३० भरलं. तिसरा आकडा सर्वांत चक्रावणारा. लहानपणापासून वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा १९८९ साली अभ्यास झाला. माणसामाणसांतल्या समाधानाच्या फरकापैकी सुमारे ३० टक्के वाटा आनुवंशिक असावा, असं त्यात दिसलं. काही माणसं कुठल्याही नोकरीत कुरकुरतात आणि काही कुठेही खूश असतात, हे आपण अनुभवाने म्हणतोच. पण उरलेल्या ७० टक्क्यांत बदलता येण्यासारखं बरंच काही आहे, आणि भावनिक बुद्धिमत्तेचा दावा त्याच जागेवर आहे.

भावनिक बुद्धिमत्ता : दावा मोठा, पुरावा मध्यम

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच ‘सामाजिक बुद्धिमत्ते’बद्दल लिहिलं होतं. १९८३ साली हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार मांडले, त्यांत दुसऱ्याला समजून घेणं आणि स्वतःला समजून घेणं असे दोन प्रकार होते. १९९० साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय मांडणी केली : भावना ओळखणं, त्यांना आवर घालणं आणि विचारात त्यांचा उपयोग करणं. पाच वर्षांनी पत्रकार डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि ही कल्पना प्रयोगशाळेतून थेट विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात पोहोचली. यशासाठी हुशारीपेक्षा भावनिक बुद्धिमत्ता मोलाची, हे वाक्य तेव्हापासून इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतं की ते कुणी सिद्ध केलं आहे का, हे विचारायचंच राहून जातं.

गोम मोजमापात आहे. मोजायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली परीक्षेची. चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवायची, प्रसंग सांगायचे आणि उत्तरं तपासायची. मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड कारूसो यांची चाचणी अशी आहे. दुसरी रीत प्रश्नावलीची. ‘मला माझ्या भावना नीट कळतात’, ‘मी रागावर ताबा ठेवू शकतो’ अशा विधानांना स्वतःच गुण द्यायचे. हाँगकाँगमधल्या वोंग आणि लॉ यांची २००२ ची १६ विधानांची प्रश्नावली भारतातल्या प्रबंधांत फार वापरली जाते. ती सोपी आहे आणि वेळ कमी घेते.

आता निकाल पाहा. मियाओ, हम्फ्री आणि चिआन यांनी २०१७ साली उपलब्ध अभ्यास एकत्र केले. प्रश्नावलीने मोजलेली भावनिक बुद्धिमत्ता आणि समाधान यांचं नातं ०.३ च्या वर गेलं. परीक्षेने मोजलेल्या भावनिक बुद्धिमत्तेचं नातं मात्र ०.१ च्याही खाली राहिलं. एकच गुण मोजायच्या दोन रीतींत एवढी तफावत असेल, तर शंका घ्यायला हवी. जो माणूस मुळात समाधानी आणि आत्मविश्वासू आहे, तो स्वतःच्या भावनिक समजुतीलाही चांगले गुण देणार आणि नोकरीलाही. दोन्ही गुणपत्रिका त्याच्याच हातच्या. डॅना जोसेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हेच कामगिरीबाबत दाखवलं. स्वभाव, आत्मविश्वास, सर्वसाधारण बुद्धी या गोष्टी बाजूला काढल्या, तर प्रश्नावलीतल्या भावनिक बुद्धिमत्तेचा स्वतंत्र वाटा जवळजवळ उरत नाही. समाधानाची व्याख्या करणाऱ्या लॉक यांनी तर २००५ साली ही संकल्पनाच अवैध ठरवली होती.

एवढ्यावरून ती निकालात काढणंही घाईचं होईल. जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी २०१० साली एक महत्त्वाचा धागा पकडला. ज्या नोकरीत भावना दाखवणं किंवा दडवणं हाच कामाचा भाग असतो, तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीला फायदा होतो. इतर नोकऱ्यांत तो जवळजवळ दिसत नाही. परिचारिका, बँकेच्या काउंटरवरचा कारकून, कॉल सेंटरमधली मुलगी, एसटीचा वाहक ही पहिल्या प्रकारची माणसं. अशा कामाला आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला होता. एकीने सतत गोड राहायचं, दुसऱ्याने सतत दरडावायचं. पगार दोघांनाही त्या चेहऱ्याचा. आत चीड असताना वरून हसणं आणि प्रवाशाची बाजू समजून खरोखर शांत होणं, हे दोन वेगळे मार्ग त्यांनी दाखवले. पुढच्या संशोधनातून पहिला मार्ग थकवतो आणि समाधान खातो, हे स्पष्ट झालं. म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नेमकी उपयोगी पडते ती इथे : खोटं हसावं लागण्याची वेळ ती कमी करते.

राजकारण जमणं हीही कला

‘आमच्या ऑफिसात फार राजकारण आहे’ हे वाक्य तक्रारीच्याच सुरात येतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेफ्री फेफर आणि हेन्री मिन्ट्झबर्ग या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी उलट बाजूने विचार मांडला. संस्था म्हणजे सत्तेची देवघेव. मग त्यात काम साधून घेण्याचं कौशल्य हा दुर्गुण कसा? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या गेराल्ड फेरिस यांनी ते मोजायला घेतलं. २००५ साली त्यांची १८ विधानांची प्रश्नावली तयार झाली. तिचे चार भाग आहेत : माणसं आणि प्रसंग ओळखणं, समोरच्यावर प्रभाव पाडणं, ओळखीपाळखी जोडून ठेवणं आणि आपण प्रामाणिक आहोत असं इतरांना वाटणं.

हे चार भाग पुस्तकी वाटतील, म्हणून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातला एक कनिष्ठ अभियंता डोळ्यांसमोर आणा. त्याच्या रस्त्याच्या कामाचं देयक लेखा शाखेत अडकलं आहे. नस्तीवर त्रुटीचा शेरा मारून ती दोनदा परत आली आहे. नवखा माणूस थेट साहेबांच्या दालनात जाऊन लेखा शाखेची तक्रार करतो. साहेब नुकतीच व्हिडिओ कॉन्फरन्स आटोपून बसलेले असतात, वरून बोलणी खाल्लेली असतात. ते याच्यावरच डाफरतात, आणि लेखा शाखेलाही हे कळतं. दुसरा अभियंता आधी टिप्पणी लिहिणाऱ्या कारकुनाकडे जातो. ‘नाना, यात अजून काय लागेल, एकदाच सांगून टाका,’ म्हणतो. मोजमाप पुस्तकाची राहिलेली सही आणून देतो. हा कारकून मागच्या वर्षी मुलीच्या जातपडताळणीसाठी खेपा घालत होता, तेव्हा यानेच त्याला समाजकल्याणमधल्या माणसाशी जोडून दिलं होतं. साहेबांकडे तो जातो ते शुक्रवारी दुपारी, कामं आवरल्यावर, आणि नस्ती सहीसाठी तयार करूनच. प्रसंग ओळखणं, प्रभाव, ओळखी आणि विश्वास, चारही गोष्टी इथे आहेत. लाच नाही, लांगूलचालन नाही. बिल निघतं.

टिमथी मुन्यॉन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली राजकीय कौशल्यावरचे अभ्यास एकत्र केले. हे कौशल्य असलेल्यांची कामगिरी, नावलौकिक, कारकीर्द आणि समाधान ही सगळी सरस निघाली. शारीरिक ताणही कमी दिसला. कारण उघड आहे. ज्याला कामं कशी होतात हे कळतं, त्याला ऑफिस अंधारकोठडी वाटत नाही. आपल्या हातात काहीतरी आहे, ही जाणीवच समाधानाचा मोठा भाग असते. इस्रायलमध्ये गॅलित मायस्लर यांनी २०१४ साली दोन्ही कौशल्यं एकत्र अभ्यासली. भावनिक बुद्धिमत्तेचा समाधानाला होणारा फायदा राजकीय कौशल्याच्या वाटेने पोहोचतो, असं त्यांना दिसलं. साध्या भाषेत : साहेबाचा राग ओळखता येणं पुरेसं नाही, तो ओळखून शुक्रवारची वाट बघता आली, तर उपयोग.

कौशल्याची दुसरी बाजू

फेरिस यांच्या चौथ्या भागात प्रामाणिक असण्याची अट नाही, तसं वाटण्याची आहे. इथे संशोधनाला सावध व्हावं लागलं. स्टेफान कोटे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली भावना हाताळण्याच्या ज्ञानाचा अभ्यास केला. परोपकारी वृत्तीच्या माणसाकडे हे ज्ञान असेल तर तो अधिक मदत करतो. दुसऱ्याला वापरून घेणाऱ्याकडे असेल तर तो सहकाऱ्यांना अधिक त्रास देतो. मार्टिन किल्डफ यांनी आधीच्याच वर्षी भावनिक बुद्धिमत्तेच्या या काळ्या बाजूवर लिहिलं होतं. रडवेल्या सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याकडून सगळं काढून घेणारा आणि संध्याकाळी ते साहेबांच्या कानावर घालणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. भावना ओळखण्याच्या परीक्षेत तो उत्तम गुणांनी पास होईल.

आणि ऑफिस कुणाला वर चढवतं? फ्रेड लूथान्स यांनी १९८० च्या दशकात ४५० हून अधिक व्यवस्थापकांचं निरीक्षण केलं. त्यांनी ‘यशस्वी’ आणि ‘परिणामकारक’ असा फरक केला. भराभर बढती मिळवणारे ते यशस्वी. ज्यांच्या हाताखाली काम चांगलं होतं आणि माणसं समाधानी असतात, ते परिणामकारक. यशस्वी व्यवस्थापकांचा ४८ टक्के वेळ ओळखी वाढवण्यात गेला होता. परिणामकारकांचा त्यावर फक्त ११ टक्के गेला; त्यांचा ४४ टक्के वेळ माहितीच्या देवाणघेवाणीत आणि २६ टक्के माणसं सांभाळण्यात गेला. दोन्ही याद्यांत वरच्या क्रमांकाने बसणारे जेमतेम दहांतला एक. ज्याला बढती मिळते आणि ज्याच्या हाताखाली लोक खूश असतात, ती सहसा एकच व्यक्ती नसते. हा शोध कार्यशाळांत सहसा सांगितला जात नाही.

प्रश्न ऑफिसचा

आतापर्यंतचं सगळं माणसाच्या गुणांबद्दल झालं. संशोधनाचा दुसरा प्रवाह ऑफिसच्या गुणांकडे पाहतो. इथे निर्णय योग्यतेवर होतात की मर्जीवर, याबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं, हे तो मोजतो. चांग, रोझेन आणि लेव्ही यांनी २००९ साली केलेल्या मोजदादीत ‘इथे सगळं राजकारणावर चालतं’ ही भावना आणि समाधान यांचं नातं उणे ०.५ च्या पलीकडे गेलं, म्हणजे पहिली वाढली की दुसरं घटतं. जेसन कॉलक्विट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रक्रियेतली न्याय्यता पाहिली. निर्णय ठरलेल्या निकषांवर होतात का, म्हणणं मांडायला मिळतं का? तिचं समाधानाशी नातं ०.६ च्या आसपास निघालं. पगाराच्या ०.१५ शेजारी हे आकडे ठेवून पाहा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रश्नावलीवर जी शंका घेतली, ती इथेही लागू पडते. कुरकुऱ्या माणसाला न्यायही दिसत नाही आणि समाधानही वाटत नाही. म्हणून प्रश्नावली सोडून एका प्रयोगाकडे वळावं लागतं. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी तो १९९० साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका कंपनीचे तीन कारखाने होते. कंत्राटं हातची गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के वेतनकपात करायची ठरली. तिसऱ्यात कपात नव्हती. पहिल्या कारखान्यात दीड तासाची सभा झाली : कपात का, हिशेब काय, किती दिवस, दुसरा पर्याय का नाही, प्रश्नांना उत्तरं दिली, आणि खेद मनापासून व्यक्त केला. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय ऐकवला आणि सभा संपली. कपात दोन्हीकडे सारखीच होती. पण साहित्याची चोरी दुसऱ्या कारखान्यात बरीच जास्त वाढली आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त निघाले. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. पैसे तेवढेच जात असताना कारण सांगितल्याने आणि ऐकून घेतल्याने माणसाचं वागणं बदलतं. आणि भावनिक बुद्धिमत्तेची खरी जागाही दिसते. ती कर्मचाऱ्याने सोसायची शक्ती म्हणून वापरली तर ताण त्याच्याच अंगावर राहतो. निर्णय घेणाऱ्याने तो निर्णय उघड करताना ती वापरली, तर सगळ्या कारखान्याला पुरते.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. खेर्ट होफस्टेड यांच्या निर्देशांकात वरिष्ठ-कनिष्ठातल्या अंतराला भारताचे ७७ गुण आहेत, म्हणजे साहेब हा इथे फार साहेब असतो. पाटण्याच्या ए. एन. सिन्हा संस्थेतले मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली भारतीय माणसाला रुचणाऱ्या नेत्याचं चित्र मांडलं : माया करणारा, पण काम करून घेणारा. ‘साहेब कडक आहेत, पण आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहतात’ ही आपली नेहमीची पावती त्याच चित्राची. अडचण ‘आपल्या माणसां’पाशी सुरू होते.

आपली माणसं कोण, हे कौशल्यावर कमी आणि जन्मावर जास्त ठरतं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फक्त आडनावं वेगळी होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी त्याच वर्षी दिल्ली परिसरातल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती मांडल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं सांगणारे हे अधिकारी उमेदवाराला ‘घरी कोण काय करतं?’ हे आवर्जून विचारत होते. ओळखी जोडून ठेवण्याचं कौशल्य ज्याच्या घरात तीन पिढ्या ऑफिस आहे, त्याला आयतं मिळतं. पहिल्या पिढीच्या नोकरदाराला ते कार्यशाळेत शिकावं लागतं. बायकांची गोष्टही वेगळी नाही. ऑफिस सुटल्यावरच्या चहात आणि शनिवारच्या बैठकीत जे ठरतं, तिथे त्या नसतात. शिवाय पुरुषाच्या पुढे पुढे करण्याला धडाडी म्हणतात आणि बाईच्या तशाच वागण्याला आगाऊपणा.

म्हणून आपल्याकडे सुधारणेचे खरे टप्पे नियमांत शोधावे लागतात. सरकारी गोपनीय अहवालाची गोष्ट घ्या. सीमा सडक संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. वाचायला बरा वाटणारा हा शेरा बढतीसाठी अपुरा होता, कारण तिथे ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा त्याला कळवलाच नव्हता, त्यामुळे त्यावर दाद मागायची सोयही नव्हती. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला : प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्राने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. खासगी क्षेत्रात मायक्रोसॉफ्टने २०१३ साली सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रमांक देण्याची पद्धत बंद केली. चारांतल्या एकाला कमी गुण द्यायचेच, असा नियम असेल तर चौघंही राजकारणी होणारच.

महाराष्ट्राने बदल्यांसाठी २००५ साली कायदा केला. नियमित मुदत तीन वर्षांची, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत आणि मुदतीआधीची बदली कारण लिहूनच. त्याहून मोठा प्रयोग जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर झाला. २०१७ च्या शासन निर्णयानंतर त्यांच्या बदल्या संगणकावर गेल्या. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा यांचा एक संवर्ग. पती-पत्नी एकत्रीकरणाचा दुसरा. अवघड क्षेत्रात राहिलेल्यांना बदलीचा हक्क. आणि जागा गेली की शिक्षकांच्या भाषेत ‘खो’ बसणं. पुढाऱ्याच्या चिठ्ठीसाठी तालुक्याला हेलपाटे मारणाऱ्या मास्तरांना प्रथमच यादीतलं आपलं स्थान आणि त्यामागचं कारण दिसू लागलं. राजकारण संपलं का? नाही. खोट्या प्रमाणपत्रांच्या आणि चुकीच्या अंतरांच्या तक्रारी आल्या, चौकशा झाल्या, न्यायालयांत प्रकरणं गेली. पण फरक लक्षात घ्या. चिठ्ठी पकडता येत नव्हती. खोटं प्रमाणपत्र पकडता येतं. राजकारण दालनातून कागदावर आलं, आणि कागद तपासता येतो.

मग शिकायचं की नाही?

शिकायचंच. चेहरा वाचता येणं, राग पचवून बोलता येणं, कारकुनाला आधी भेटावं हे सुचणं, या गोष्टी पहिल्या पिढीतल्या मुलामुलींना मुद्दाम शिकवायला हव्यात, कारण इतरांना त्या घरी मिळालेल्या असतात. ज्यांचं काम माणसांशी आहे, त्यांना भावना आवरण्याचं प्रशिक्षण खरोखर उपयोगी पडतं. एवढ्याला पुरावा आहे.

पुरावा नाही तो यापुढच्या दाव्याला : समाधान नसेल तर कर्मचाऱ्याची भावनिक बुद्धिमत्ता कमी आहे. अपारदर्शक ऑफिसातल्या असमाधानी माणसाला स्वभाव सुधारायला सांगणं म्हणजे गळक्या छपराखालच्या भाडेकऱ्याला छत्री धरायला शिकवणं. छत्री लागेल, पण छप्पर मालकानेच दुरुस्त करायचं असतं.

तेव्हा पुढच्या वर्षी भावनिक बुद्धिमत्तेची कार्यशाळा ठरवणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ विभागाने आधी तीन गोष्टी सूचनाफलकावर लावाव्यात : बढतीचे निकष काय, निर्णय कोण घेतं, आणि नाकारल्याचं कारण किती दिवसांत लेखी मिळेल. तिन्हींना खर्च जवळजवळ शून्य आहे. हे लावायची ज्या ऑफिसची तयारी नसेल, तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या असमाधानाबद्दल स्वतःला दोष देऊ नये.